डोळ्याच्या पडद्यावरचे लेझर : खुर्चीत बसवण्यापूर्वी काय सांगावे?

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पुरवणीत गेल्या महिन्यात दोनदा एक जाहिरात प्रसिद्ध झाली. 'पडद्याचे सर्व आजार, लेझरने बिनटाक्याचा उपचार, गेलेली नजर परत' असा तिचा आशय होता आणि शेजारी चष्मा हातात धरून हसणाऱ्या एका तरुणीचे छायाचित्र होते. जाहिरात कोणाची होती हे महत्त्वाचे नाही, कारण याच अर्थाची वाक्ये मी वर्षानुवर्षे भिंतींवर, शिबिरांच्या पत्रकांवर आणि रिक्षांच्या पाठीवर वाचत आलो आहे. मी बीड जिल्ह्यातील ग्रामीण रुग्णालयांत एकतीस वर्षे नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून नोकरी केली. मी डॉक्टर नाही. नजर तपासणे, थेंब टाकून बाहुली मोठी करणे, मोतीबिंदूचे रुग्ण शोधून शस्त्रक्रियेला पाठवणे आणि पडद्याच्या आजाराचा संशय आला की चिठ्ठी लिहून मोठ्या रुग्णालयात धाडणे हे माझे काम होते. त्या रुग्णांतले जे परत भेटले आणि जे भेटलेच नाहीत, त्या दोघांसाठीही हे पत्र लिहीत आहे.

माझी तक्रार 'गेलेली नजर परत' या तीन शब्दांबद्दल आहे. मधुमेहामुळे पडद्याच्या मध्यभागाला होणाऱ्या आजारात लेझरने जे साधते ते फार मोलाचे असते, परंतु ते या तीन शब्दांत सांगितले जाते त्याहून अगदी निराळे असते. हे शब्द ऐकून लेझरच्या खुर्चीत बसलेला माणूस पुढे त्या उपचारावरचाच विश्वास कसा गमावतो, हे मी माझ्या स्वतःच्या घरात पाहिले आहे.

मुळात 'डोळ्याला लेझर केले' एवढे सांगितल्याने आपल्याकडे काहीच कळत नाही. चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराला आकार देणारे लेझर वेगळे, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी वा वर्षांनी बसवलेल्या भिंगामागची पिशवी गढूळ झाली तर तिला खिडकी पाडणारे याग लेझर वेगळे, काचबिंदूसाठी वापरले जाणारे आणखी वेगळे, आणि डोळ्याच्या आत, मागच्या भिंतीवर मारले जाणारे लेझर या सर्वांहून वेगळे. पहिल्या दोन प्रकारांत माणसाला एकदोन दिवसांत स्वच्छ दिसू लागते, आणि त्याचा अनुभव शेजारीपाजारी पसरतो. मग पडद्याच्या लेझरकडूनही लोक तीच अपेक्षा बाळगतात.

त्यात 'पडदा' या शब्दाने घोटाळा वाढतो. डॉक्टर दृष्टिपटलाला, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या आतल्या थराला, पडदा म्हणतात. गावात मात्र 'डोळ्यावर पडदा आला' म्हणजे मोतीबिंदू किंवा बुबुळावर चढलेले मांस. त्यामुळे 'पडद्यावर लेझर करायचे आहे' असे ऐकणारी आजी मनात समजते की, आलेला पडदा आता काढून टाकणार. तिची चूक नाही. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला तेव्हापासून आपल्या गावांनी प्रामुख्याने मोतीबिंदूची शिबिरे पाहिली आहेत, डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारख्या शल्यचिकित्सकांचे काम घराघरांत ठाऊक आहे, आणि पट्टी सोडताच नातवंडांची तोंडे दिसू लागल्याचे प्रसंग लोकांनी स्वतः अनुभवले आहेत. हे यश इतके मोठे आहे की, डोळ्याचा प्रत्येक उपचार असाच असतो अशी आपली समजूत होऊन बसली आहे.

पडद्याच्या मध्यभागाला मॅक्युला म्हणतात, मराठीत पीतबिंदू. त्याचा व्यास जेमतेम साडेपाच मिलिमीटर, आणि त्यातही सर्वांत तीक्ष्ण दृष्टी देणारा मधला खळगा दीड मिलिमीटरचा. वाचणे, सुई ओवणे, तांदळातले खडे निवडणे, समोरच्या माणसाचा चेहरा ओळखणे ही सारी कामे या एवढ्याशा जागेवर अवलंबून असतात. ही जागा बिघडली आणि बाजूचा पडदा चांगला राहिला तर माणूस आंधळा वाटत नाही. तो एकटा चालत येतो, उंबरठा चुकवत नाही, अंगणात शिरलेली शेळी हाकलतो. परंतु फाट्यावर उभे असताना एसटी आलेली त्याला दिसते आणि एसटीची पाटी वाचता येत नाही. घरच्यांना हे पटत नाही. 'तुम्हाला तर सगळं दिसतंय की' हे वाक्य मी माझ्या तपासणीच्या खोलीत किती वेळा ऐकले असेल, याची गणती नाही. त्या वाक्यापायी उपचाराचे महिने वाया जातात.

मधुमेहात पडद्यातील केशवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात, त्यांवर बारीक फुगे येतात, त्यांतून रक्तातला द्रव आणि चरबीयुक्त पदार्थ झिरपतात आणि मॅक्युलाला सूज येते. दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीवरून २०२३ साली जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्यानुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाखांच्या घरात आहे. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या मधुमेहींपैकी १६.९ टक्के लोकांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम आढळला, आणि ३.६ टक्के लोकांत तो नजरेला धोका पोहोचवण्याइतका होता. टक्केवारी लहान दिसते. दहा कोटींशी तिची सांगड घातली की ती लहान राहत नाही.

आता लेझरकडे येतो. हा उपचार डोळ्याला नेमके काय करतो, हे त्याच्या इतिहासात स्पष्ट दिसते. ९ जुलै १९४५ रोजी युरोपात सूर्यग्रहण झाले. ते उघड्या डोळ्यांनी पाहिल्यामुळे मॅक्युला भाजलेल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा डोळा तपासताना गेर्ड मायर-श्विकेराथ या जर्मन नेत्रतज्ज्ञाला असे सुचले की, प्रकाशाने पडद्यावर जर असा व्रण पडत असेल, तर तो व्रण आपण ठरवलेल्या जागी आणि ठरवलेल्या आकाराचा पाडून उपचार का करू नये. त्यांनी हॅम्बुर्ग येथे इमारतीच्या छतावरून आरशांच्या साहाय्याने सूर्यप्रकाश आत आणून रुग्णांवर उपचार केले. ढग आले की उपचार थांबत असे. पुढे १९५० च्या दशकात झेनॉन दिव्याचे यंत्र आले, १९६० साली थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर चालवून दाखवला, आणि त्याच दशकाच्या अखेरीस आरगॉन लेझर नेत्रतज्ज्ञांच्या हाती आला. आज बहुतेक ठिकाणी ५३२ नॅनोमीटरचा हिरवा किंवा ५७७ नॅनोमीटरचा पिवळा किरण वापरतात. निळा किरण मॅक्युलातील पिवळे रंगद्रव्यच शोषून घेते, म्हणून त्या भागात तो टाळतात.

तात्पर्य, लेझर म्हणजे मोजून दिलेला चटका. ऊसतोडीला जाणारा एक रुग्ण मला म्हणाला होता, "साहेब, म्हणजे डोळ्याला डाग देत्यात का?" आमच्या भागात लहान मुलांना डाग देण्याची जी अघोरी पद्धत आहे तिने किती जीवांचे हाल केले हे मी पाहिले आहे, त्यामुळे तो शब्द ऐकून मी आधी दचकलो, पण विचार केल्यावर मला मान्य करावे लागले की, रुग्णालयातल्या कोणत्याही पत्रकापेक्षा त्या माणसाने उपचार अचूक ओळखला होता. हिरवा किरण पडद्याखालच्या रंगीत थरात शोषला जातो, तिथे उष्णता निर्माण होते, झिरपणारे फुगे बंद होतात आणि सूज हळूहळू, काही आठवड्यांनी वा महिन्यांनी, ओसरते. मॅक्युलाजवळचा एकेक ठिपका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा किंवा त्याहून लहान असतो आणि सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात किंवा त्याहून कमी वेळात मारला जातो. अगदी केंद्राच्या अर्ध्या मिलिमीटरच्या आत सहसा जात नाहीत, कारण तिथे चटका बसला तर ग्रहण पाहिलेल्या त्या विद्यार्थ्याचे झाले तेच व्हायचे. ज्या पेशी या चटक्याने मरतात त्या परत येत नाहीत. म्हणजे पडद्याचा थोडा भाग खर्ची घालून उरलेला भाग राखायचा, असा हा व्यवहार आहे, आणि तो व्यवहार आहे हे रुग्णाला आधी सांगितलेच पाहिजे.

हा व्यवहार किती फायद्याचा ठरतो, याचे उत्तर अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीने १९८५ साली दिले. मधुमेहामुळे मॅक्युलाला लक्षणीय सूज आलेल्या डोळ्यांचे दोन गट केले होते. लेझर न केलेल्या गटात तीन वर्षांत सुमारे २४ टक्के डोळ्यांची नजर तक्त्यावरच्या तीन ओळींनी किंवा त्याहून जास्त खालावली. लेझर केलेल्या गटात हे प्रमाण सुमारे १२ टक्के होते. धोका निम्म्यावर आला, आणि जवळजवळ पंचवीस वर्षे साऱ्या जगाने याच आधारावर लेझर केले. पण त्याच चाचणीत तीन ओळींनी सुधारलेले डोळे फारच थोडे होते. म्हणजे १९८५ सालीच हे स्पष्ट झाले होते की, मॅक्युलाच्या लेझरचे यश 'वाढली किती' यावर मोजायचे नसून 'घटायची थांबली का' यावर मोजायचे असते. चाळीस वर्षांपूर्वी कळलेली ही गोष्ट आमच्या जाहिरातींपर्यंत अजून पोहोचलेली नाही.

माझ्या थोरल्या बंधूंना पंधरा वर्षे मधुमेह होता. मी त्याच खात्यात असूनही त्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासला जावा हे मी पाहिले नाही. 'अण्णांना दिसतंय चांगलं' असे मीच म्हणत राहिलो, आणि याचे दुःख मला आयुष्यभर राहील. पोथी वाचताना ओळी वाकड्या दिसू लागल्या तेव्हा ते शहरातल्या एका दवाखान्यात गेले. तिथे उजव्या डोळ्याला लेझर केले आणि 'दोन महिन्यांत नजर स्वच्छ होईल' असे सांगितले. दोन महिन्यांनी नजर होती तशीच होती, आणि वाचताना केंद्राच्या बाजूला दोनतीन फिकट ठिपके दिसू लागले होते. अण्णांनी निष्कर्ष काढला की लेझरने डोळा बिघडवला. डाव्या डोळ्यालाही सूज येऊ लागली आहे, असे सांगितले गेले होते. त्या डोळ्यासाठी ते पुन्हा गेले नाहीत, मला कळवले नाही, आणि गावात ज्याला त्याला सांगत राहिले की डोळ्याला लेझर लावू देऊ नका.

चार वर्षांनी डाव्या डोळ्यात रक्तस्राव झाला तेव्हा मी त्यांची जुनी फाईल पहिल्यांदा नीट वाचली. लेझरच्या आधी उजव्या डोळ्याची नजर ६/१८ होती, म्हणजे चांगल्या डोळ्याला अठरा मीटरवरून वाचता येणारे अक्षर त्यांना सहा मीटरवरून वाचता येत होते. दोन महिन्यांनी ६/१८. चार वर्षांनी मी स्वतः तपासली, तेव्हाही ६/१८. ज्याला लेझर केले नाही तो डावा डोळा लेझरच्या वेळी ६/९ होता, आणि आता त्याने समोर धरलेली बोटे मोजण्यापुरतेच दिसत होते. ज्या डोळ्याला अण्णा बिघडलेला म्हणत होते त्याच डोळ्याने ते शेवटपर्यंत पोथी वाचत होते. लेझरने आपले काम चोख केले होते. त्याने करायचे नव्हते ते काम त्याच्या नावावर सांगितले गेले होते, एवढाच फरक. 'दोन महिन्यांत नजर स्वच्छ होईल' याऐवजी 'आहे ती नजर राहावी म्हणून हे करतो आहोत' असे तिथे कोणी म्हटले असते, तर अण्णा डाव्या डोळ्यासाठी नक्की गेले असते. ते शिस्तीचे माणूस होते.

यावर कोणी म्हणेल की, आता लेझरचा जमानाच संपला, आता इंजेक्शने आली. हे अर्धे खरे आहे आणि त्याची नीट मांडणी व्हायला हवी. रक्तवाहिन्यांतून झिरपणे वाढवणाऱ्या आणि नव्या वाहिन्या फुटायला लावणाऱ्या एका प्रथिनाला रोखणारी औषधे डोळ्याच्या आत इंजेक्शनने देता येतात. वयोमानाने होणाऱ्या मॅक्युलाच्या 'ओल्या' झिजेत, जिथे मॅक्युलाखाली नव्या वाहिन्या फुटतात, २००६ साली या औषधांनी चित्र पालटले: मासिक इंजेक्शन घेणाऱ्या सुमारे ९५ टक्के रुग्णांची नजर वर्षभरात टिकली, आणि पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतक्या रुग्णांची तीन ओळींनी वाढली. त्यापूर्वी याच आजारात मॅक्युलाच्या केंद्राखालच्या वाहिन्या लेझरने जाळत, तेव्हा उपचाराच्या दिवशीच रुग्णाची सरासरी तीन ओळींची नजर जात असे आणि तरीही उपचार न करण्यापेक्षा ते पुढे बरे ठरत असे. त्या काळच्या डॉक्टरांना रुग्णाला हे सांगताना किती जड गेले असेल! मधुमेहाच्या सुजेतही २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इंजेक्शन मिळालेल्या जवळजवळ निम्म्या डोळ्यांची नजर वर्षभरात दोन ओळी किंवा अधिक सुधारली. नुसते लेझर केलेल्या गटात हे प्रमाण सुमारे २८ टक्के होते. म्हणून सूज केंद्रापर्यंत पोहोचली असेल आणि नजर घटली असेल, तर आज पहिला मान इंजेक्शनाचा. सूज केंद्राच्या बाजूला असेल, झिरपणारे फुगे ठळक दिसत असतील, तर लेझर अजूनही उपयोगी आहे. आणि सूज केंद्रात असूनही नजर जवळजवळ पूर्ण असेल तर लगेच इंजेक्शन, लगेच लेझर किंवा नियमित तपासणी ठेवून वाट पाहणे, या तिन्हींत दोन वर्षांनी नजरेत फरक पडत नाही, असे २०१९ सालच्या चाचणीत दिसले. हे ठरवण्यासाठी पडद्याची जाडी मोजणारी ओसीटी तपासणी लागते. नुसता 'पडद्याचा आजार' एवढे निदान पुरत नाही.

माझ्या भागातल्या माणसांसाठी मात्र इंजेक्शनाची एक मोठी अडचण आहे, आणि मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांना तिची कल्पना पुरेशी येत नाही. ही औषधे डोळ्यात टिकत नाहीत. सुरुवातीला दर महिन्याला आणि मग डोळा सांगेल तसे, वर्षानुवर्षे जावे लागते. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास हजारो कोयते उचल घेऊन साखरपट्ट्यात आणि कर्नाटकात जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पंचेचाळीस-पन्नास वर्षांचा, शुगर असलेला मजूर टोळी सोडून महिन्याच्या महिन्याला इंजेक्शनाला येणार कसा? मुकादम सोडणार नाही, आणि सोडले तरी त्या दिवसाची मजुरी बुडते. मधुमेह पुढच्या टप्प्यात जाऊन पडद्यावर नव्या, नाजूक वाहिन्या फुटलेल्या असतील तर रुग्ण नेमाने येऊ शकेल की नाही हे जास्तच महत्त्वाचे ठरते. तिथे पडद्याच्या कडेच्या भागावर बाराशे ते सोळाशे ठिपके दोनतीन बैठकांत मारतात. कडेच्या पेशींची प्राणवायूची मागणी घटते, नव्या वाहिन्यांना फुटायला लावणारा इशारा मंदावतो आणि रक्तस्रावाने नजर जाण्याचा धोका निम्म्याहून खाली येतो, हे १९७६ सालच्या चाचणीनेच दाखवले आहे. या टप्प्यावर इंजेक्शनेही तितकीच चांगली ठरतात, पण नेमाने येणाऱ्या रुग्णांत. मध्येच गायब झालेल्या रुग्णांची तुलना केली गेली तेव्हा नुसती इंजेक्शने घेतलेल्यांचे डोळे लेझर झालेल्यांपेक्षा वाईट अवस्थेत सापडले. हंगाम संपेपर्यंत माणूस परत येणार नाही हे ठाऊक असेल, तर जाण्याआधी केलेले लेझर त्याच्यासोबत फडात राहते. त्याची किंमतही आहे: रात्रीचे आणि बाजूचे दिसणे कमी होते, बैठकीत दुखते, आणि मॅक्युलाला आधीच सूज असेल तर ती वाढू शकते. म्हणून मध्यभागाची सूज आधी पाहावी लागते. पहाटेच्या अंधारात ऊस भरणाऱ्या माणसाला रात्रीची नजर कमी होणार हे सांगितले नाही, तर तोही माझ्या अण्णांसारखाच म्हणेल की लेझरने डोळा घालवला.

जाहिरातीतल्या 'सर्व आजार' या शब्दांकडेही वळले पाहिजे. वयोमानाने होणारी मॅक्युलाची झीज बहुतांश रुग्णांत 'कोरडी' असते, आणि तिच्यासाठी लेझरचा फायदा सिद्ध झालेला नाही. पडद्याखाली साठणाऱ्या पिवळ्या कणांवर हलके लेझर मारून पुढची झीज टाळता येईल का, हे हजाराहून अधिक रुग्णांवर अनेक वर्षे तपासले गेले, आणि २००६ साली उत्तर आले की त्याने फायदा होत नाही. साठी-सत्तरीतल्या माणसाच्या कोरड्या झिजेवर लेझरची आशा विकणे हे मला अत्यंत क्लेशदायक वाटते. तशीच गोष्ट तिशी-चाळिशीतल्या पुरुषांत अधिक आढळणाऱ्या, मॅक्युलाखाली पाणी साठण्याच्या आजाराची. स्टेरॉइडच्या गोळ्या वा इंजेक्शने यांच्याशी त्याचा संबंध असतो आणि तो पुष्कळदा तीनचार महिन्यांत आपोआप ओसरतो. तिथे घाईने चटका देण्यापेक्षा आधी घेत असलेल्या औषधांची चौकशी करणे शहाणपणाचे. हल्ली 'मायक्रोपल्स' नावाच्या, दिसणारा डाग न उमटवणाऱ्या लेझरचीही जाहिरात होते. ते खोटे नाही. मध्यभागाची जाडी ४०० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा) कमी असलेल्या मधुमेही डोळ्यांत ते जुन्या लेझरच्या तोडीचे ठरले आहे, आणि डाग पडत नाही हा त्याचा खरा गुण आहे. पण तोडीचे म्हणजे जादूचे नव्हे. नजर परत आणण्याचे वचन त्यालाही देता येत नाही.

संपादक महोदय, १९५४ सालच्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने अंधत्व, मोतीबिंदू, काचबिंदू आणि मधुमेह बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना मनाई केली आहे. लेझर यंत्राचा उपचार त्या शब्दांत बसतो की नाही, हा वकिलांचा प्रश्न आहे. तो त्यांनी सोडवेपर्यंत आपल्या जाहिरात विभागाने अशा मजकुरासाठी दोनच प्रश्न विचारावेत अशी माझी विनंती आहे: कोणत्या आजारासाठी, आणि नजर वाढवण्यासाठी की राखण्यासाठी. उत्तर देता येत नसेल तर ती जाहिरात छापू नये.

पडद्याच्या तज्ज्ञांनाही एक नम्र विनंती आहे. संमतिपत्रावर रुग्णाचा अंगठा घेण्यापूर्वी मराठीत, त्याला कळेल अशा भाषेत चार वाक्ये बोलावीत. हे लेझर आहे ती नजर टिकवण्यासाठी आहे. उद्या किंवा महिन्याने जास्त दिसले नाही तर उपचार फसला असे समजू नका. फिकट ठिपके किंवा अंधारात कमी दिसणे होऊ शकते. दुसऱ्या डोळ्यासाठी अमुक तारखेला यायचेच आहे. ही चार वाक्ये बोलायला एक मिनिट लागते. गर्दीच्या ओपीडीत तेही महाग असते हे मला ठाऊक आहे, मग ती नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याला किंवा परिचारिकेला बोलू द्यावीत, कारण केसपेपर हातात घेऊन रुग्ण बाहेर आला की सर्वांत आधी आम्हालाच विचारतो, "काय म्हणाले हो डॉक्टर?"

शेवटी आपल्या दैनिकाकडे एक मागणी. आपल्या रविवारच्या पानावर शब्दकोडे येते. महिन्यातून एकदा त्याच पानावर दहा सेंटिमीटर बाजूचा, पाच मिलिमीटरच्या चौकटींचा, मध्ये ठळक टिंब असलेला चौकोन छापावा. मार्क ॲम्सलर या स्वित्झर्लंडच्या नेत्रतज्ज्ञांनी तयार केलेली ही साधी तपासणी आहे. वाचायचा चष्मा लावून, चौकोन एक फुटावर धरून, एक डोळा झाकून मधल्या टिंबाकडे पाहायचे; मग दुसरा डोळा. रेघा वाकलेल्या, तुटलेल्या किंवा पुसट दिसल्या तर त्याच आठवड्यात पडदा तपासून घ्यायचा. मधुमेहाची सुरुवातीची सूज यात सुटू शकते, म्हणून मधुमेहींनी वर्षातून एकदा थेंब टाकून केलेली तपासणी या चौकोनावर भागवू नये, हेही खाली मोठ्या अक्षरांत छापावे. आमच्या गावात आपले वर्तमानपत्र ग्रामपंचायतीच्या वाचनालयात येते आणि दुपारी पारावर हातोहात फिरते. तिथे बसणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी निदान निम्म्यांना शुगर आहे. पहिला चौकोन छापून येईल त्या रविवारी मी स्वतः पारावर जाऊन प्रत्येकाचा एकेक डोळा झाकून पाहीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त नेत्रचिकित्सा अधिकारी,
जि. बीड